बुजऱ्या मांजरांशी ओळख

मुंबई, ठाणे, पुण्यासारख्या शहरांत सोसायटीच्या आवारात, चाळीच्या जिन्याखाली, मासळी बाजारात आणि गॅरेजच्या मागे राहणारी बिनमालकाची मांजरे दिसायला सारखीच असतात. माणसाशी असलेल्या संबंधावरून मात्र त्यांचे तीन गट पडतात. पहिला गट टाकून दिलेल्यांचा. भाडेकरू जागा बदलतो आणि नव्या मालकाला मांजर चालत नाही, किंवा हौसेने आणलेला बोका वयात येऊन पडद्यांवर मुतू लागतो, आणि एके रात्री पिशवीत घालून त्याला लांबच्या गल्लीत सोडले जाते. दुसरा गट अर्धवट माणसाळलेल्यांचा. ही आवारातच जन्मलेली, वर्दळीला सरावलेली, वाटीचा आवाज ओळखणारी. पण हात पुढे झाला की तेवढीच मागे सरणारी. तिसरा गट रानवट मांजरांचा. ती आवारात आहेत हे बहुतेक रहिवाशांना पिल्ले दिसेपर्यंत कळतही नाही. सकाळी रिकामी झालेली ताटली आणि कुंड्यांमधली उकरलेली माती एवढीच त्यांची खूण.

कोणते मांजर कोणत्या गटातले हे ठरवायला शेपटी बरीचशी पुरते. शेपटी सरळ उभी धरून येणारे मांजर ओळख दाखवत असते. ओळखीची मांजरे एकमेकांना भेटतानाही असेच करतात. रानवट मांजर शेपटी खाली ठेवून भिंतीच्या कडेकडेने जाते. दुसरी खूण आवाजाची. मोठी मांजरे आपापसात क्वचितच म्याव करतात. तो आवाज पिल्लाने आईसाठी काढायचा. माणसांत राहिलेले मांजर मोठेपणीही तो माणसासाठी काढत राहते. त्यामुळे अनोळखी मांजर तोंडाकडे बघून एकसारखे ओरडत असेल तर ते एखाद्या घरातून आलेले असण्याचा संभव मोठा. स्वच्छतेवरून बांधलेला अंदाज बहुधा चुकतो. रानवट मांजर अंग चाटून नीटनेटके राहते. मळकट, केसांच्या गुठळ्या झालेले, भेदरलेले मांजर बऱ्याचदा नुकतेच घर सुटलेले निघते. त्याला नव्या वस्तीतली लपायची जागा माहीत नसते आणि तिथल्या बोक्यांच्या हद्दीही माहीत नसतात. अशा मांजराला घर शोधून देणे हाच उपाय. इथले विवेचन मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाविषयी आहे.

बुजरेपणाचा मोठा भाग पहिल्या दोन महिन्यांत ठरतो. अमेरिकेतील टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान माणसाने रोज हाताळलेली पिल्ले पुढे माणसाजवळ सहज येतात. हा काळ सरल्यावर हाताळायला घेतलेली तितकी जवळ येत नाहीत. बापाच्या स्वभावाचाही वाटा असतो. धीट बोक्याची पिल्ले धीट निघण्याकडे कल असतो, आणि तेही बापाचे तोंड कधी न पाहता. शहरातल्या मांजरीची पंचाईत अशी की नेमके हेच आठवडे ती पिल्ले लपवून ठेवते: माळ्यावर, मीटरच्या खोलीत, बंद पडलेल्या गाडीखाली, एसीच्या बाहेरच्या डब्यामागच्या सांदीत. धोका वाटला की मानगूट धरून एकेक पिल्लू दुसरीकडे नेते. पाच-सहा आठवड्यांची होऊन पिल्ले आवारात खेळू लागतात आणि सोसायटीतली मुले हरखून जातात, तोवर मुदत संपत आलेली असते. तरी आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू घरात ठेवून रोज हाताळले तर दोन-तीन आठवड्यांत माणसाळते. चार महिन्यांच्या पुढे तेच काम फार लांबते, आणि मोठे झालेले रानवट मांजर मांडीवर येईल ही आशा न धरलेलीच बरी.

माणसाच्या वस्तीत मांजर आले तेही कोणी बोलावले म्हणून नव्हे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार जगभरच्या पाळीव मांजरांचे मूळ पश्चिम आशियातल्या रानमांजराच्या उपजातीत आहे. शेती सुरू झाली, कणग्या भरल्या, उंदीर वाढले आणि उंदरांमागे मांजरे आली. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजराचा सांगाडा सापडला. त्याचा अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती, म्हणजे कोणी तरी ते होडीतून नेले असणार. पण कुत्र्याप्रमाणे राखणीला, शिकारीला, मेंढ्या वळायला निवडून निवडून मांजर घडवले गेले नाही. धान्याजवळ राहावे, माणसापासून चार हात दूर राहावे, हा सौदा त्याला हजारो वर्षे पुरला. गल्लीतले बुजरे मांजर तो अजून पाळते.

हे चार हात मासळी बाजारात मोजून दाखवता येतात. दुपारी गिऱ्हाईक पांगले की कोळीण विळीवर शेवटचे मासे साफ करत असते. कल्ले, आतडी, शेपट्या एका बाजूला पडतात. मांजर बसते ते तिचा हात आणि तिच्या बादलीतले पाणी जिथवर पोचते त्याच्या वीतभर पलीकडे. तिच्याकडे ते बघत नाही. कान मात्र तिच्याकडे वळलेले असतात. ती उठून बर्फाच्या पेटीकडे गेली की मांजर दोन पावले पुढे येते, तुकडा ओढते आणि टोपल्यांच्या आडोशाला जाऊन खाते. वर्षानुवर्षे एकाच ओट्याखाली वाढलेली मांजरे हा नियम सोडत नाहीत, आणि कोळणीही तो मोडत नाहीत. त्यांना मांजराला कुरवाळायला वेळ नसतो. मांजराच्या बाजूने पाहिले तर ही मैत्री निर्दोष आहे: ठरलेली जागा, ठरलेली वेळ, ओळखीची व्यक्ती, आणि अंगाला हात नाही.

सोसायटीत मांजरांना खाऊ घालणाऱ्यांना हल्ली सर्रास फीडर म्हणतात. नव्या फीडरची पहिली घाई जवळ जाण्याची असते, आणि बिघडते ते तिथेच. बुजऱ्या मांजरासाठी सुरुवात वेळ आणि जागा यांपासून करावी लागते. वेळ रोज एकच असावी, शक्यतो संध्याकाळी दिवेलागणीनंतर किंवा पहाटे, कारण मांजराच्या हालचाली या दोन वेळांना वाढतात आणि माणसांची वर्दळ तेव्हा कमी असते. जागा अशी हवी की मांजराला दोन बाजूंनी निसटता येईल. कोपऱ्यात ठेवलेली ताटली माणसाला सोयीची आणि मांजराला सापळ्यासारखी वाटते. कंपाउंडच्या भिंतीलगत, कुंड्यांच्या रांगेमागे, पाण्याच्या टाकीच्या ओट्याआड ही चांगली ठिकाणे. जिना, लिफ्ट, मुलांची खेळायची जागा आणि लोकांच्या गाड्या मात्र टाळाव्यात. पावसाळ्यात वर छत हवे. फळीचा तुकडा दोन विटांवर टेकवला तरी भागते. मुंग्यांसाठी दुधाच्या पातेल्याची जुनी युक्ती इथेही चालते: मोठ्या ताटात पाणी घालून त्यात खाण्याची वाटी ठेवायची. पिण्याच्या पाण्याचे भांडे खाण्यापासून थोडे लांब ठेवावे, कारण बरीच मांजरे खाण्याला लागून ठेवलेल्या पाण्याला तोंड लावत नाहीत.

अर्ध्या-पाऊण तासाने ताटली उचलायची. बहुतेक फीडर इथे आळस करतात, आणि सोसायटीच्या तक्रारवहीतल्या निम्म्या नोंदी याच आळसाच्या असतात. उघडे राहिलेले अन्न घुशी, कावळे, झुरळे आणि कुत्री यांना बोलावते. शिवाय ताटली रात्रभर भरलेली राहिली तर मांजराला वेळेवर यायचे कारण उरत नाही आणि माणसाशी त्याची गाठ पडतच नाही.

खायला काय द्यावे याबद्दल गोष्टींनी केलेला गोंधळ मोठा आहे. गोष्टीतली मनी दूध पिते. आवारातल्या मोठ्या मांजराला दुधाने बऱ्याचदा जुलाब होतात, कारण आईचे दूध सुटल्यावर दुधातली साखर पचवण्याची त्याची ताकद ओसरते. मांजराला गोड चवही कळत नाही. गोडाची जाणीव करून देणाऱ्या ग्राहींपैकी एकाचे जनुक मांजरकुळात निकामी झाले आहे, हे २००५ मध्ये दाखवले गेले. प्रसादाचा बत्तासा मांजर हुंगून सोडून देते यात श्रद्धेचा प्रश्न नसतो. मांजर पक्के मांसाहारी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, ते मांस-मासळीतूनच यावे लागते. ते कमी पडले तर नजर जाते आणि हृदयाचे स्नायू निकामी होतात. हृदयरोगाशी त्याचा संबंध १९८७ साली अमेरिकेत उघड झाला, आणि त्यानंतर तयार खाद्यात टॉरिनचे प्रमाण वाढवले गेले. वरणभात, पोळीचा काला, दूधपाव यांवर मांजर दिवस काढते, पोसले जात नाही. कुत्र्याचे खाद्यही मांजराला रोज चालत नाही.

साधारण तीन-चार किलोच्या मांजराला दिवसाकाठी २०० ते २५० कॅलरी लागतात. कोरडे कॅटफूड ५० ते ६० ग्रॅम दिले की तेवढ्या होतात. घरचे द्यायचे तर उकडलेले चिकन किंवा काटे काढलेली उकडलेली मासळी, मीठ-मसाल्याशिवाय, हवा तर थोडा भात कालवून. आमटीतले उरलेले मासे मात्र नकोत. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, आणि कालवणात ते दोन्ही असतातच. शिजवलेल्या कोंबडीची हाडे चिरफळून घशात किंवा आतड्यात रुततात. खारवलेले सुके मासे वासासाठी चिमूटभर ठीक, पोट भरायला नाहीत. अनोळखी मांजराला जागेवर आणायला मात्र मूठभर सुकटीच्या वासाइतके दुसरे काही लवकर कामाला येत नाही.

खाण्याची घडी बसली की ओळख सुरू होते. पहिल्या काळात ताटली ठेवून निघून जायचे. बोलावण्याचा आवाज मात्र रोज एकच हवा: ताटलीवर दोनदा चमचा वाजवणे, किंवा ‘मनी, मनी’, किंवा ओठांतून काढलेला पुसपुस आवाज. मांजराची ऐकण्याची वरची मर्यादा सुमारे ८५ किलोहर्ट्झपर्यंत जाते, माणसाची २० पर्यंतच. उंदरांचे बारीक चिरके आवाज हेरण्यासाठी घडलेला हा कान आहे, त्यामुळे बारीक आवाज त्याला लांबून कळतो. काही दिवसांनी माणसाने निघून न जाता दहा-पंधरा फुटांवर थांबायचे. उभ्या माणसापेक्षा बसलेला माणूस बरा, आणि समोर तोंड करून बसलेल्यापेक्षा कडेला वळून बसलेला बरा. मोबाईल बघत बसणारा माणूस इथे अचानक उपयोगी ठरतो. त्याची नजर मांजरावर नसते. हे अंतर आठवड्याला फूट-दीड फूट कमी होते. एखाद्या दिवशी कुत्रे भुंकले किंवा कोणी छत्री उघडली की पुन्हा पहिल्या जागी जावे लागते. दिवाळीत तर चार-पाच दिवस मांजर दिसतच नाही. फटाक्यांनी बिथरलेले मांजर गटाराच्या झाकणाखाली किंवा गाडीच्या इंजिनात दडून राहते. त्या दिवसांत हाका मारत शोधत फिरू नये. ताटली नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी ठेवावी, आणि सकाळी गाडी काढणाऱ्याने बॉनेटवर दोन थापा माराव्यात. थापांची ही सवय पावसाळ्यातही हवी, कारण तेव्हाही मांजरे कोरड्या जागेच्या शोधात इंजिनात शिरतात.

टक लावून पाहणे ही मांजरांच्या व्यवहारात धमकी असते. त्याउलट डोळे अर्धवट मिटत सावकाश उघडझाप करणे ही सलोख्याची खूण. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात कॅरेन मॅकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हे पडताळून पाहिले: माणसाने अशी सावकाश उघडझाप केली की मांजरेही तशीच उघडझाप करण्याचे प्रमाण वाढले, आणि अशा अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताजवळ मांजरे अधिक आली. अंगणातल्या मनीबरोबर हे करत आलेल्या आज्यांना यात नवल वाटायचे कारण नाही.

हाताची वेळ सर्वांत शेवटी येते, आणि ती मांजराने ठरवायची. जमिनीलगत, मांजराच्या नाकाच्या उंचीवर, बोट थोडे पुढे करून हात स्थिर ठेवावा. मांजर नाक लावते, वास घेते आणि पटले तर गाल घासते. गालात आणि कपाळाजवळ गंधग्रंथी असतात. गाल घासणे म्हणजे आपला वास लावून माणसाला ओळखीच्यांत जमा करणे. मग गालाखाली, कानामागे हलके खाजवावे आणि थांबावे. पुन्हा हाताखाली आले तरच पुढे. पोट आणि शेपटीचे मूळ यांच्या वाटेला जाऊ नये. कान मागे चपटे झाले, शेपटीचे टोक फटकारू लागले, पाठीची कातडी थरथरली किंवा बाहुल्या एकदम मोठ्या झाल्या की हात मागे घ्यायचा. फुस्कारल्यावर रागावण्यात अर्थ नाही. फुस्कारणारे मांजर चावायच्या आधी सांगत असते, हा त्याचा भलेपणाच समजावा.

सगळ्या मांजरांना इथवर आणलेच पाहिजे असे नाही, आणि काहींना आणूच नये. मांजर आपल्या मांडीवर बसते याचे फीडर मंडळींत कौतुक होते. पण रस्त्यावर राहणाऱ्या मांजराचा माणसाबद्दलचा संशय हेच त्याचे बळ असते. जो येईल त्याच्या पायात घोटाळणारे मांजर पोत्यात भरून लांब सोडणाऱ्याच्या हातीही तितक्याच सहज लागते. म्हणून एक माणूस, एक जागा आणि एक आवाज यांच्यापुरतीच ओळख वाढवावी. सोसायटीतल्या मुलांकडून हाताने भरवून घेणे टाळावे. त्यात मुलांचे आणि मांजराचे, दोघांचेही हित आहे.

मग ही खटपट कशासाठी? उत्तर व्यवहारी आहे: एकदा पिंजऱ्यात यावे म्हणून. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की वयात येते. गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा. थंड देशांत हिवाळ्यात दिवस लहान झाले की माज थांबतो. आपल्याकडे दिवसाच्या लांबीत तेवढा फरक पडत नाही, त्यामुळे वर्षभर पिल्ले दिसतात. पिल्ले अंगावर पीत असतानाच मांजरी पुन्हा गाभण राहू शकते. वर्षाला दोन-तीन वेत आणि वेताला तीन ते पाच पिल्ले असा हिशेब. पण त्या पिल्लांपैकी जगतात किती? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधील २००४ सालच्या एका अभ्यासात मोकाट मांजरांची सुमारे ७५ टक्के पिल्ले सहा महिन्यांच्या आत मेली किंवा नाहीशी झाली. गाड्या, कुत्री, भूक आणि साथीचे रोग ही कारणे आपल्याकडेही आहेत. नसबंदीशिवाय नुसते खाऊ घातले तर मांजरीची तब्येत सुधारते आणि पिल्लांची संख्या वाढते. ताटली रोज भरायची आणि ऑपरेशन पुढे ढकलायचे, ही दया अर्धवट आहे.

पिंजरा लावण्याचे तंत्र सोपे आहे, संयम अवघड. आधी काही दिवस पिंजऱ्याचे दार उघडे बांधून ठेवतात आणि ताटली रोज थोडी आत सरकवतात. ठरलेल्या रात्री खाणे बंद, म्हणजे मांजर भुकेले राहते आणि भुलीसाठी पोटही रिकामे राहते. पहाटे पिंजऱ्यात वासाचे काही ठेवून फीडरने नेहमीच्या आवाजात बोलावायचे. दार पडले की मांजर उसळ्या मारते. त्याच क्षणी पिंजऱ्यावर जाड चादर टाकली की अंधारात बरेचसे शांत होते. दवाखान्यात नसबंदीबरोबर रेबीजची लस देतात आणि भुलीतच एका कानाचे, बहुधा डाव्या, टोक साधारण सेंटीमीटरभर सरळ कापतात. हा कापलेला कान म्हणजे ऑपरेशन झाल्याचा दाखला. लांबूनही दिसतो आणि त्या मांजराला पुन्हा पिंजरा लागत नाही. बोक्याला एका दिवसाने सोडता येते, मांजरीला टाके असल्याने काही दिवस ठेवावे लागते. अंगावर पिणारी पिल्ले असतील तर ती सुटी होईपर्यंत थांबणे भाग. आणि सोडायचे ते जिथून उचलले तिथेच.

परत आलेले मांजर काही दिवस फीडरकडे फिरकत नाही, वाटीच्या आवाजाला लांबूनच बघते. मग येते. आधीची ओळख पक्की असेल तर हा रुसवा लवकर सरतो, आणि ती पक्की करायला इतके आठवडे घालवायचे ते यासाठीही.

मुंबईत अशा कामाला जुना आधार आहे. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८३ पासून चालू आहे. ज्या काळी ट्रामचे घोडे आणि बैलगाड्यांचे बैल तिथे उपचाराला येत, त्या काळावरून लोक त्याला अजून बैलघोडा हॉस्पिटलच म्हणतात. महापालिकेने कुत्र्यांबरोबर मांजरांच्या नसबंदीचेही काम हाती घेतले आहे, आणि शहरोशहरी स्वयंसेवी संस्था ते करतात. प्रश्न प्रमाणाचा असतो. एका आवारातल्या दहांपैकी दोन-तीन मांजरांचे ऑपरेशन करून थांबले तर काहीच घडत नाही. सत्तर टक्क्यांच्या वर गेले तरच संख्या खाली येऊ लागते, आणि बाहेरून नवी मांजरे सोडली जात राहिली तर तेही फुकट जाते. मांजरे उचलून दूर सोडण्याचा उपाय सोसायटीच्या सभेत दरवर्षी कोणी तरी सुचवते. टास्मानियात काही जागांवरून थोडी थोडी मांजरे काढून टाकण्याचा प्रयोग झाला तेव्हा तिथली संख्या घटण्याऐवजी वाढलेली दिसली. दबदबा असलेले बोके गेले आणि आजूबाजूची मांजरे आत आली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

सभेतल्या तक्रारी सगळ्याच खोट्या नसतात. बोक्याच्या मुताचा उग्र वास, रात्रीची भांडणे, गाडीच्या बॉनेटवरचे ओरखडे यांचा त्रास खरा आहे. नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांचे मुताने हद्द आखणे आणि भांडणे कमी होते. आवाराच्या टोकाला रेती किंवा भुसभुशीत माती असलेली एक उथळ पेटी ठेवून ती नियमाने साफ केली तर कुंड्या वाचतात. कायदाही मोघम नाही. सजीवांविषयी करुणा बाळगणे हे राज्यघटनेच्या ५१अ कलमात नागरिकाचे कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राणी उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणे हाही गुन्हा आहे, फक्त पहिल्या गुन्ह्याचा दंड अजून दहा ते पन्नास रुपये आहे. प्राण्याला मारणे, विष घालणे, जायबंदी करणे याला भारतीय न्याय संहितेच्या ३२५व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांचा मुख्य रोख कुत्र्यांवर असला तरी त्यातला विसावा नियम वस्तीतल्या प्राण्यांना खाऊ घालण्याविषयी आहे. जागा आणि वेळ ठरवून द्यायची जबाबदारी तो रहिवासी संघटनेवर टाकतो, ती जागा जिने, दारे आणि मुलांच्या खेळाच्या जागेपासून दूर असावी असे सांगतो, आणि घाण न करण्याची जबाबदारी फीडरवर ठेवतो. हे दोन्ही भाग दोन्ही पक्षांनी वाचले तर बरेच वाद सुरूच होणार नाहीत.

आरोग्याच्या बाबतीत भीती चुकीच्या जागी असते. मांजराच्या केसांनी दमा होतो, पोटात जाऊन गोळा होतो, असे सांगणारे लोक मांजर चावल्यावर मात्र हळद दाबून गप्प बसतात. मांजराचे दात सुईसारखे बारीक असतात. जखम वरून मिटते आणि जंतू आत राहतात, एका दिवसात हात सुजतो. रेबीज मांजरापासूनही होतो आणि एकदा लक्षणे दिसली की त्यावर इलाज नाही. चावले किंवा रक्त येईल असे ओरबाडले तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायचे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लस सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत मिळते. नेहमी मांजरे हाताळणाऱ्यांनी ती आधीच घेऊन ठेवावी. गरोदर बाईला टोक्सोप्लाझ्माची भीती घातली जाते. मांजराची विष्ठा हाताळू नये आणि कुंडीतल्या मातीत हात घालताना मोजे वापरावेत, इतपत ती रास्त आहे. अर्धकच्चे मांस आणि न धुतलेल्या भाज्या यांतूनही हा जंतू येतो हे मात्र कोणी सांगत नाही.

मांजरांना माणसापासून होणारा अपाय बहुतेक वेळा प्रेमापोटी होतो. तापासाठी दिलेली पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेते. कुत्र्याचे पिसवांचे औषध, ज्यात परमेथ्रिन असते, मांजराच्या अंगावर घातले तर झटके येतात. पिल्लांना झपाट्याने मारणारा पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू महिनोन्‌महिने जमिनीवर टिकतो आणि चपलांतून, ताटल्यांतून पसरतो. घरी मांजर असलेल्या फीडरने आपल्या मांजराला लस टोचून घ्यावी आणि बाहेरच्या ताटल्या घरच्या भांड्यांत मिसळू नयेत. एकटी दिसलेली पिल्ले लगेच उचलू नयेत. आई बहुधा खाण्याच्या शोधात गेलेली असते आणि माणूस जवळ उभा असेपर्यंत ती परत येत नाही. लांबून काही तास लक्ष ठेवावे.

गावाकडे या पिल्लांबाबत आणखी एक काळजी. जुन्नर भागात ऊसतोडीच्या दिवसांत फडात सापडणारी ठिपकेदार पिल्ले कधी कधी वाघाटीची असतात. वाघाटी हे जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले. त्याचे पिल्लू घरी नेऊन दूध पाजणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय आई जवळच असते आणि पिल्लू जागेवर राहिले तर रात्री घेऊन जाते. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक अशा वेळी उपयोगी. जंगलाला लागून असलेल्या वस्त्यांत, बोरिवली-ठाण्याच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, रात्री उघड्यावर अन्न ठेवणे मुळातच चुकीचे: अन्नावर कुत्री-मांजरे जमतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. अशा ठिकाणी उजेड असतानाच खाऊ घालून ताटल्या उचलाव्यात.

फीडर गावाला गेला, आजारी पडला किंवा जागा सोडून चालला, तर बसलेली घडी मोडते. बदली माणसाला एकदम किल्ली दिल्यासारखी ताटली सोपवून चालत नाही. दोघांनी आठ-पंधरा दिवस एकत्र जावे: आधी जुन्याने ताटली ठेवावी आणि नव्याने मागे थांबावे, मग उलट. आवाज तोच, भांडे तेच, वेळ तीच. इमारत पाडायची ठरली, पुनर्विकासात आवारच नाहीसे होणार असले, तर मांजरांना हलवण्यावाचून गत्यंतर नसते. नव्या जागी त्यांना तीन-चार आठवडे बंद खोलीत किंवा मोठ्या पिंजऱ्यात ठेवून, तिथेच खाऊ-पिऊ घालून, मग सोडतात. त्याआधी सोडलेले मांजर जुन्या जागेचा रस्ता धरते, मधल्या मोठ्या रस्त्यासकट. म्हणून पुनर्विकासाच्या इमारतीतल्या फीडरने पत्रे ठोकले जाण्याची वाट न बघता भाडेकरूंना जागा सोडण्याची नोटीस मिळाली की लगेच जवळचे दुसरे आवार पाहून ठेवावे, आणि ताटली रोज थोडी थोडी त्या दिशेला सरकवायला सुरुवात करावी.